वेचणीच्या शर्टाचे कापड : प्रकल्प नोंदी

६ सप्टेंबर २०२४, परभणी

शेतमजुरीला जाणारी बाई साडीवर नवऱ्याचा किंवा मुलाचा जुना, पूर्ण बाह्यांचा शर्ट चढवते, हे मराठवाड्यात इतके नित्याचे दृश्य आहे की आमच्या शिवणकाम केंद्रातही त्याकडे आजवर कोणी उत्पादन म्हणून पाहिले नव्हते. ऊन, घाम, कुसळे, पऱ्हाटीची टोके आणि उसाचे पाते यांपासून हात झाकणे हे त्या शर्टाचे काम असते, पण तो शिवलेला असतो शाळेसाठी, कार्यालयासाठी किंवा लग्नातल्या आहेरासाठी. शेतात काम करणाऱ्या स्त्रियांसाठी स्वतंत्र शर्ट तयार करून आठवडी बाजारात आणि कृषी सेवा केंद्रांतून विकावा, असा विचार आहे. तयार शर्टाची किंमत ३५० रुपयांच्या वर जाता कामा नये, असे केंद्रातील सर्वांचे मत पडले. नमुना शिवून मग कापड शोधण्याची घाई न करता प्रथम कापड निश्चित करावे, असा आग्रह मी धरला आणि तो मान्य झाला.

१ आणि २ सप्टेंबरच्या अतिवृष्टीने जिल्ह्यातील कापसाचे मोठे नुकसान झाले आहे. पहिली वेचणी यंदा लांबेल असे दिसते, तोवर प्राथमिक चाचण्या उरकून घ्याव्या लागतील.

१४ सप्टेंबर २०२४, मानवत

चाचणीची सुरुवात नव्या कापडापासून करण्याऐवजी आम्ही वापरून फाटलेल्या शर्टांपासून केली. मानवत आणि पाथरी भागातील गावांतून कामाचे जुने शर्ट मागितले व बदल्यात धडके शर्ट दिले. या व्यवहारावर बायका मनसोक्त हसल्या, परंतु शर्ट मिळाले. प्रत्येक शर्ट टेबलावर पसरून तो कोठे विरला, कोठे फाटला आणि कोठे उसवला, हे आराखड्यावर वेगवेगळ्या रंगांनी नोंदवले.

बहुतेक शर्ट टेरिकॉटचे निघाले, म्हणजे पॉलिएस्टर आणि सुताच्या मिश्रणाचे. त्यांचा रंग खांद्यावरही फारसा उतरलेला नव्हता आणि पाठही शाबूत होती. नुकसान तीनच जागी एकवटलेले होते. कोपरापासून मनगटापर्यंतच्या बाहीवर ओढलेल्या धाग्यांचे जाळे झाले होते, बगलेतील शिवण उसवलेली होती, आणि कमरेला ओटी बांधतात त्या पट्ट्यात कापड घासून पातळ झाले होते. सुती शर्टांचे चित्र निराळे होते. त्यांत खांदे आणि मान उन्हाने पांढुरकी पडली होती, मात्र बाहीवर ओढलेल्या धाग्यांपेक्षा लहान लहान भोके अधिक होती. टेरिकॉटच्या बगलेतील शिवण पाहिली असता दोरा तुटलेला नव्हता. शिवणीलगतचे कापडातील धागेच बाजूला सरकून फट पडली होती. विरळ विणीच्या, गुळगुळीत धाग्याच्या कापडाचा हा नेहमीचा दोष आहे आणि जाड दोरा वापरून तो जात नाही.

१९ सप्टेंबर २०२४, परभणी

चार कापडे निवडली. गणवेशाचे टेरिकॉट, खादी, यंत्रमागावरचे, उभा धागा निळा आणि आडवा पांढरा असलेले सुती कापड, ज्याला व्यापारी शॅम्ब्रे म्हणतात, आणि तिरप्या रेघांच्या विणीचे सुती ट्विल. मांजरपाट रंगवून घ्यावे अशी पाचवी सूचना आली होती, तिचा निकाल याच नोंदीत लागतो.

प्रत्येक ताक्यातून किनार सोडून आतल्या भागातील १० सेंटिमीटर चौरसाचे तुकडे कापले. अशा तुकड्याच्या ग्रॅममधील वजनाला १०० ने गुणले की दर चौरस मीटरचे वजन मिळते, ज्याला बाजारात जीएसएम म्हणतात. टेरिकॉट ११५, शॅम्ब्रे १४०, ट्विल १९० च्या आसपास भरले. खादीचा आकडा एकाच ताक्यात जागोजागी बदलत होता. हातसुताचा धागा कमी-अधिक जाड असतो, हे गृहीतच होते. पिक ग्लास, म्हणजे धागे मोजायचे भिंग, ठेवून इंचातील उभे-आडवे धागे मोजले. जाळून पाहिल्यावर सुती तुकड्यांना जळत्या कागदाचा वास आला आणि मऊ राख उरली, टेरिकॉट मात्र आकसून काळी कडक गाठ झाली. विक्रेता 'प्युअर कॉटन' म्हणत असलेल्या आणखी एका नमुन्याचीही अशीच गाठ झाल्यामुळे तो येथेच वगळला.

मांजरपाट हाताला सर्वांत भरीव लागत होते. त्यावर आयोडीनचा थेंब टाकताच गडद निळा डाग उमटला, म्हणजे कापडात पिठाची खळ होती. मागावर उभ्या धाग्याला खळ द्यावीच लागते, नाहीतर तो घासून तुटतो; परंतु स्वस्त कापडात वजन दिसावे म्हणूनही ती राहू दिली जाते. तोच तुकडा कोमट पाण्यात भिजवून, धुऊन, वाळवून पुन्हा तोलला तेव्हा जवळपास नऊ टक्के वजन कमी झाले आणि विणीतून पलीकडचा उजेड दिसू लागला. ग्राहक पहिल्या धुण्यानंतर हेच कापड वापरणार असल्यामुळे मांजरपाट बाद झाले आणि यापुढे जीएसएम खळ काढल्यानंतरचाच लिहायचा, असे ठरले.

३० सप्टेंबर २०२४, परभणी

आटण्याची चाचणी. प्रत्येक कापडावर ५० सेंटिमीटरच्या चौकोनाच्या खुणा पक्क्या शाईने केल्या आणि ते गावात धुतात तसे धुतले. प्रयोगशाळेतील धुलाई यंत्राचे तापमान, वेळ आणि साबण ठरलेले असतात आणि दोन कापडांच्या तुलनेसाठी ते योग्यच आहे. आपला शर्ट मात्र बोअरच्या जड, म्हणजे क्षारयुक्त पाण्यात, साबणाची वडी घासून, दगडावर आपटून धुतला जाणार आहे. म्हणून एक संच यंत्रात आणि एक संच दगडावर, अशा दोन्ही पद्धती ठेवल्या.

टेरिकॉट जवळजवळ आटले नाही. ट्विल प्रक्रिया कारखान्यातून सॅनफोराइज होऊन, म्हणजे यंत्रावर आधीच आटवून, आलेले असल्यामुळे एका टक्क्याच्या आत राहिले. शॅम्ब्रे लांबीत सुमारे सहा टक्के आटले. मागावर उभा धागा ताणलेला असतो आणि पाण्यात तो ताण सुटतो, त्यामुळे आटणे पन्ह्यापेक्षा लांबीत जास्त असते. ७० सेंटिमीटरचा शर्ट चार सेंटिमीटरने आखूड होणे कोणत्याही गिऱ्हाइकाला चालणार नाही.

दगडावरच्या संचातील सुती तुकडे प्रत्येक धुण्यानंतर अधिक कडक आणि किंचित करडे होत गेले. वडीतील सोडा आणि पाण्यातील कॅल्शियम यांच्या संयोगाने चुनखडीचे बारीक कण धाग्यात बसतात, हे त्याचे कारण. एक तुकडा व्हिनेगर घातलेल्या पाण्यात भिजवताच मऊ झाला, त्यावरून तर्काला पुष्टी मिळाली. हे कण धाग्याला आतून घासतात, म्हणजे जड पाणी हा आपल्याकडे केवळ रंगाचा नव्हे, तर टिकाऊपणाचाही प्रश्न आहे.

८ ऑक्टोबर २०२४, परभणी

रंगाच्या चाचण्या. पांढरे सुती फडके नमुन्यावर कोरडे आणि ओले घासून, लागलेला रंग ग्रे स्केलशी ताडला. या मोजपट्टीवर ५ म्हणजे फडक्याला रंग लागला नाही आणि १ म्हणजे सर्वाधिक लागला. ओल्या घासणीत शॅम्ब्रेला ३ ते ४, ट्विलच्या गडद निळ्या नमुन्याला जेमतेम २ ते ३. आतली साडी फिकी असेल तर ट्विलचा रंग तिच्यावर उतरणार.

गच्चीवर दक्षिणेकडे कलती फळी ठेवून तिच्यावर चारही कापडांच्या पट्ट्या लावल्या आणि प्रत्येक पट्टीचा अर्धा भाग पुठ्ठ्याने झाकला. शेजारी आणखी एक रांग लावली आहे, तिच्यावर रोज सकाळी कृत्रिम घामाचे द्रावण शिंपडतो. रंग पक्का आहे की नाही हे घामासाठी वेगळे आणि उन्हासाठी वेगळे तपासण्याची रीत आहे, पण शेतात दोन्ही एकाच वेळी खांद्यावर असतात आणि काही रंग स्वतंत्रपणे टिकूनही एकत्र माऱ्यात उडतात.

प्रयोगशाळेकडे अतिनील किरणांपासूनच्या संरक्षणाची, फाटण्याच्या ताकदीची आणि घामाच्या पक्केपणाची चाचणी मागवली. घामाची चाचणी आम्हीही करू शकलो असतो, परंतु आम्ल आणि अल्कधर्मी अशा दोन द्रावणांत भिजवून, ठरलेल्या दाबाखाली, ३७ अंशांवर चार तास नमुना ठेवायला लागणारी भट्टी आमच्याकडे नाही.

१७ ऑक्टोबर २०२४

दसरा झाला. सोयाबीनच्या काढणीला काही बायकांनी पहिले कच्चे नमुने घालून पाहिले. वाळक्या शेंगांची कुसळे खादीत अडकून बसतात आणि धुतल्यानेही निघत नाहीत, अशी तक्रार सर्वांची. इतर तीन कापडांबाबत तक्रार नाही.

२६ ऑक्टोबर २०२४, परभणी

अहवाल आला. अतिनील संरक्षणाचा आकडा, म्हणजे यूपीएफ, ५० असेल तर त्या किरणांचा पन्नासावा हिस्सा, म्हणजे दोन टक्के, कापडातून पार होतो. १५ च्या खालच्या कापडाला संरक्षक म्हणता येत नाही, असा दंडक वापरात आहे. खादीचा नमुना त्याच्याही खाली राहिला. कापड जाड असूनही विणीतील फटींतून ऊन सरळ आत येते. खादीबद्दल माझ्या मनात जिव्हाळा आहे, नांदेड आणि उदगीरच्या केंद्रांनी राष्ट्रध्वजाच्या कापडापर्यंत मारलेली मजल या भागाला भूषणावह आहे. पण या शर्टासाठी तिला येथे थांबवावे लागते.

टेरिकॉटचा आकडा अपेक्षेहून चांगला आला. पॉलिएस्टरच्या रेणूतील वलये यूव्ही-बी किरण शोषून घेतात, त्यामुळे पातळ कापडही बरे काम करते. शॅम्ब्रेचा न धुतलेला नमुना मध्यम, तर धुतलेला नमुना वरच्या श्रेणीत गेला. आटल्यामुळे धागे जवळ येतात आणि फटी बुजतात. ज्या आटण्याला आम्ही दोष मानत होतो, त्याचा येथे फायदाच झाला, मात्र ते शिवण्यापूर्वी झाले पाहिजे. घामाने ओले झालेले सुती कापड कोरड्यापेक्षा जास्त किरण आत सोडते, तेव्हा अहवालातील आकडा दुपारच्या शेतात तसाच मिळेल असे समजू नये. वेष्टनावर आकडा छापायचा की नाही, यावर केंद्रात मतभेद आहेत. मी छापू नये या बाजूचा आहे.

फाटण्यात ट्विल सर्वांच्या पुढे. ट्विलच्या विणीत धागा एकाऐवजी दोन धाग्यांवरून जातो, बांधणी सैल असते, आणि फाटण्याच्या तोंडाशी धागे सरकून एकत्र येतात व ओढ वाटून घेतात. सुरकुत्या न पडणारे म्हणून विकले जाणारे सुती कापडही एका व्यापाऱ्याने सुचवले होते. त्यावरील रेझिनच्या प्रक्रियेने सूत ठिसूळ होते, म्हणून चाचणीलाही घेतले नाही.

११ नोव्हेंबर २०२४, मानवत

वेचणी सुरू झाली आहे आणि खरी चाचणी आता करता आली. बोंड उकलल्यावर त्याच्या पाकळ्या वाळून मागे वळतात आणि त्यांची टोके कडक, अणकुचीदार होतात. वेचणारी बाई दिवसभरात शेकडो वेळा हात झाडात घालते आणि बाहेर काढते. हात आत जाताना बाहीला काही होत नाही; जे होते ते बाहेर येताना, कारण टोके तेव्हा उलटी लागतात. कापड अणकुचीदार वस्तूत अडकण्याची चाचणी प्रयोगशाळांत असते, परंतु ती प्रामुख्याने विणलेल्या बनियनसारख्या कापडासाठी आहे आणि तिच्यातील खिळ्यांचा गोळा बोंडासारखा वागत नाही.

म्हणून एका फळीवर रिकामी, वाळलेली बोंडे तारेने आवळून बांधली, टोके एका दिशेला येतील अशी. कापडाची पट्टी लाकडी दंडगोलावर बाहीसारखी शिवून, आत वाळूची पिशवी ठेवून, ती फळीवरून उलट दिशेने ओढली. काही ओढींनंतर टोके बोथट होतात, म्हणून प्रत्येक पट्टीसाठी नवी बोंडे आणि नवी फळी वापरली. पट्टीवर ओढलेले धागे आणि भोके वेगवेगळी मोजली.

ट्विलवर ओढलेले धागे सर्वाधिक. जी सैल वीण फाटताना उपयोगी पडते, तीच येथे टोकाला पकड देते. परंतु ओढलेला धागा हाताने ताणला की बराचसा परत बसतो आणि भोके अगदी कमी पडली. शॅम्ब्रेमध्ये उलट: धागे कमी ओढले गेले, पण जिथे टोक रुतले तिथे धागा तुटून भोक पडले. टेरिकॉटचा धागा तुटत नाही आणि परतही बसत नाही. तो लांबवर ओढला जातो आणि भोवतालचे कापड गोळा होते.

फळीवर जे कळले नाही ते वेचणाऱ्या बायकांनी सांगितले. एका मावशींनी टेरिकॉटचा नमुना घालून सकाळभर वेचणी केली आणि तो काढून हातात दिला. बाही अडकली की सुटत नाही, हाताला हिसका बसतो आणि ओढली तर फांदी मोडून कच्ची बोंडे खाली येतात, मग शेतमालक बोलतो, असे त्यांचे म्हणणे. सुती बाही अडकली तर एखादा धागा तुटून हात मोकळा होतो. ताकद जितकी जास्त तितके कापड चांगले, हा आमच्या मोजमापाचा पायाच या कामाला पूर्णपणे लागू पडत नाही. टेरिकॉट बाद करण्याचे खरे कारण मी येथे नोंदवतो. उष्मा हे दुसरे कारण. प्रमाणित हवेत सूत वजनाच्या साडेआठ टक्क्यांच्या आसपास ओलावा धरते, पॉलिएस्टर अर्ध्या टक्क्याहूनही कमी, आणि हा फरक अंगावर कळतो.

त्यातून असे ठरले की अंगाचा भाग, पाठ आणि दंड शॅम्ब्रेचे. कोपरापासून मनगटापर्यंतचा भाग ट्विलचा. ट्विल फिक्या रंगात घ्यायचे, म्हणजे साडीवर रंग लागण्याचा प्रश्न सुटतो. कमरेच्या घासणाऱ्या पट्ट्यालाही ट्विल द्यावे, असे शिवणाऱ्या ताईंनी सुचवले आणि ते योग्य आहे.

६ डिसेंबर २०२४, मानवत

मनगटाचा भाग जास्त टिकावा म्हणून पहिल्या शर्टांत तेथे ट्विलचा दुहेरी थर दिला होता. तो वाळत नाही. शर्ट संध्याकाळी धुतला जातो आणि सकाळी अंगावर लागतो. थंडीत शॅम्ब्रे रात्रीतून वाळते, दुहेरी ट्विल सकाळीही गार आणि ओलसर असते. केंद्रात तुकडे भिजवून, पिळून, दर पाव तासाला तोलले, तेव्हा हेच दिसले. ट्विलचा एकच थर ठेवायचा आणि शॅम्ब्रेची बाही कोपराशीच संपवायची, एकावर दुसरे चढवायचे नाही. सकाळच्या दवात बाही पुन्हा भिजते, हाही मुद्दा एकेरी थराच्या बाजूने जातो.

२० डिसेंबर २०२४, परभणी

दोन कापडे एका शर्टात आली की त्यांचे आटणे सारखे असावे लागते, नाहीतर पहिल्या धुण्यातच जोडावर चुण्या पडतात. ट्विल एक टक्का आणि शॅम्ब्रे सहा टक्के, हे जमणारे नाही. शॅम्ब्रेचे ताके केंद्रातच भिजवून, वाळवून मग कापावेत, ही सूचना खर्चाच्या दृष्टीने आकर्षक होती. एक ताका नीट भिजवून, खळ काढून, खळबळायला किती पाणी लागते ते मोजले आणि ती सूचना मागे घेतली गेली. ज्या भागात मार्चनंतर टँकरची वाट पाहिली जाते, तेथे उत्पादनाची घडी पाण्यावर बसवणे शहाणपणाचे नाही. शॅम्ब्रे इचलकरंजीहूनच सॅनफोराइज करून मागवायचे. दर मीटरला खर्च वाढतो आणि प्रक्रियेसाठी किमान मालाची अट आमच्या गरजेपेक्षा मोठी आहे, म्हणून गणवेश शिवणाऱ्या दुसऱ्या एका गटाबरोबर एकत्र मागणी नोंदवण्याचे बोलणे चालू आहे.

गच्चीवरील पट्ट्या उतरवल्या. उन्हातील शॅम्ब्रे थोडे उतरले आहे, घाम शिंपडलेल्या रांगेत मात्र स्पष्ट फिके आणि तांबूस छटेचे झाले आहे. पुरवठादाराला व्हॅट रंगाच्या, म्हणजे अधिक पक्क्या रंगप्रकाराच्या, धाग्याचा नमुना मागितला.

४ जानेवारी २०२५, परभणी

शर्टाच्या आतील पट्टीवरचा मजकूर. फवारणीसाठी हा शर्ट वापरू नये, असे पहिल्याच ओळीत, चित्रासह छापायचे. पूर्ण बाह्या आणि जाड कापड पाहून तो फवारणीला घातला जाईल, ही शक्यता मोठी आहे. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीतील विषबाधेने मृत्यू झाले होते. सूत द्रव शोषून घेऊन त्वचेशी धरून ठेवते, म्हणजे ज्या गुणामुळे घामाला हे कापड बरे, त्याच गुणामुळे कीटकनाशकाला ते घातक. विक्री कमी होईल या भीतीने ही ओळ खाली नेण्याची सूचना आली होती. मी ती मान्य केली नाही आणि कृषी सेवा केंद्रातून विकायचे असेल तर ती मान्य करूही नये.

१७ जानेवारी २०२५, परभणी

व्हॅट रंगाचा नमुना घाम आणि ऊन या दोन्हींत टिकला. दर वाढल्याने ३५० ची मर्यादा पाळण्यासाठी छातीवरचा खिसा काढून कमरेशी एकच खिसा ठेवला आहे. मोबाईल तेथेच बरा राहतो, वाकल्यावर पडत नाही, असे बायकांचेही मत होते. शिवणीला पॉलिएस्टरचा दोरा, इंचाला दहा टाके, बगलेत कापड मोडून दुहेरी टीप. टाके याहून दाट घातले तर सुईची छिद्रे जवळ येऊन कापडच फाटते.

शॅम्ब्रे आणि ट्विलची मागणी आज नोंदवली. माल आला की प्रत्येक ताक्याच्या सुरुवातीच्या व शेवटच्या मीटरमधून तुकडा काढून जीएसएम, आयोडीन आणि आटणे या तीन चाचण्या झाल्याशिवाय कात्री लावायची नाही. उसतोडीसाठी याच शर्टाची विचारणा बीडहून आली आहे. उसाच्या पात्याची कड बोंडासारखी अडकत नाही, ती कापते. त्या बाहीसाठी फळी, वजन आणि ओढण्याची दिशा नव्याने ठरवावी लागेल. हंगाम चालू असेपर्यंत वाळकी पाती गोळा करून ठेवण्यास सांगितले आहे.